सतरा अंकांचा जिना

लातूरहून नांदेडच्या रस्त्याला लागले की चाकूरनंतर अहमदपूर येते. तिथल्या एका शाळेत आठवीच्या वर्गावर आम्ही गणिताचा एक तास घेतला. सुरुवात सोपी होती. फळ्यावर आम्ही लिहिले :

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

पुढच्या ओळी मुलांनीच सांगितल्या. नऊ एक्क्यांपर्यंत, म्हणजे १११११११११ × १११११११११ पर्यंत पोचलो तेव्हा सगळा वर्ग एका सुरात आकडे म्हणत होता : १२३४५६७८९८७६५४३२१. चढत जाणारा आणि मग उतरणारा जिनाच तो!

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने न विचारताच पुढची ओळ वहीत लिहून टाकली. दहा एक्क्यांचा वर्ग त्याने १२३४५६७८९१०९८७६५४३२१ असा लिहिला होता. नवानंतर दहा, म्हणजे त्याच्या दृष्टीने नमुना नीट पाळला गेला होता. शिक्षकांनी कॅल्क्युलेटरवर गुणाकार केला. पडद्यावर १.२३४५६७९०१ आणि पुढे दहाचा अठरावा घात एवढेच आले. मुलाचे उत्तर बरोबर की चूक हे त्यावरून काही कळेना. आता विश्वास कशावर ठेवायचा : डोळ्यांना दिसणाऱ्या नमुन्यावर, यंत्रावर, की आणखी कशावर?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही त्या सतरा अंकी संख्येच्या पोटात शिरलो. तिथे जे सापडले ते या लेखात मांडत आहोत.

आधी वाचू तर

ही संख्या वाचायची कशी? नेहमीच्या पद्धतीने शेवटचे सात अंक बाजूला काढले की उरलेले सगळे कोटी. म्हणजे १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. 'कोटी कोटी' म्हणताना जीभ अडखळते. बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त मात्र प्रत्येक स्थानाला स्वतंत्र नाव आहे. कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध, अशी एककापासून एकूण अठरा स्थाने. आपल्या संख्येचा पहिला १ सतराव्या स्थानावर, म्हणजे 'मध्य' या स्थानावर बसतो. परार्धाला एकच पायरी कमी!

किती मोठी आहे ही संख्या? दर सेकंदाला एक याप्रमाणे न थांबता मोजत राहिलो, तर मोजणी संपायला सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. तरीही तिच्याबद्दल बरेच काही कागद-पेन्सिलीने सिद्ध करता येते, ही गणिताची गंमत.

जिना का तयार होतो?

चार एक्क्यांचा गुणाकार शाळेत शिकवतो तसाच मांडू :

      १ १ १ १
    १ १ १ १ ०
  १ १ १ १ ० ०
१ १ १ १ ० ० ०
- - - - - - -
१ २ ३ ४ ३ २ १

प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकते. म्हणून उभ्या रकान्यांत एक्के किती येतात? १, २, ३, ४, ३, २, १. म्हणजे उत्तरातला प्रत्येक अंक त्या रकान्यातल्या एक्क्यांची नुसती मोजदाद आहे. नऊ एक्क्यांच्या वेळी सर्वांत भरलेल्या रकान्यात नऊ एक्के येतात. नऊ हा एक अंकी आहे, त्यामुळे कुठेही हातचा घ्यावा लागत नाही आणि जिना शाबूत राहतो.

दहा एक्के घेतले की मधल्या रकान्यात दहा एक्के येतात. दहाचे शून्य लिहून हातचा एक. तो डावीकडच्या नवात मिळवला की पुन्हा दहा : शून्य, हातचा एक. त्याच्या डावीकडे आठ आणि एक नऊ. इथे हातचा थांबतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. मुलाच्या उत्तरात वीस अंक होते, खऱ्या उत्तरात एकोणीसच आहेत. दहा एक्क्यांची संख्या सव्वाशे कोटींपेक्षा लहान आहे आणि सव्वाशे कोटींचा वर्गही एकोणीस अंकीच असतो. तेव्हा वीस अंकी उत्तर चूक आहे, हे पूर्ण गुणाकार न करताही सांगता आले असते.

मुलाची चूक मात्र फार कामाची ठरली. त्याने नमुना ओळखला होता, पण कारण ओळखले नव्हते. कारण कळले की नमुना कुठपर्यंत चालेल तेही आपोआप कळते.

हरवलेला आठ

दहा एक्क्यांच्या वर्गाचा डावा भाग पुन्हा पाहा : १२३४५६७९००... यात सातानंतर एकदम नऊ आला. आठ कुठे गेला? हातच्याने त्याचा नऊ केला.

हाच आठ आणखी एका प्रसिद्ध ठिकाणी हरवलेला आहे. १२३४५६७९ ला ९ ने गुणा. उत्तर १११११११११. म्हणजे आपल्या नऊ एक्क्यांचा एक अवयव १२३४५६७९ आहे, आणि त्यात आठ नाही. तसेच १ ला ८१ ने भागत गेलात तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... असा आवर्ती दशांश मिळतो. तिथेही आठ नाही. १, २, ३, ... हे आकडे एकेक घर सरकवत लिहीत गेले की दहावर पोचताच हातचा येतो, त्याने नवाचे शून्य होते आणि आठाचा नऊ होतो. तिन्ही ठिकाणी कारण एकच. मुलांना 'आठ का नाही?' असे विचारा. पाठ केलेली गंमत आणि समजलेली गंमत यांतला फरक त्यांना लगेच कळेल.

एक्क्याऐंशीची गोष्ट

आपल्या संख्येतील सतरा अंकांची बेरीज किती? १ ते ९ ची बेरीज ४५, आणि ८ ते १ ची ३६. एकूण ८१, म्हणजे ९ × ९. हा योगायोग नाही. गुणाकाराच्या मांडणीत नऊ ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत नऊ एक्के. हातचा कुठेच घेतला नाही, म्हणून ते ८१ एक्के उत्तरात तसेच्या तसे उतरले. हातचा घेतला की काय होते? दहा जाऊन एक येतो, म्हणजे अंकांची बेरीज ९ ने कमी होते. दहा एक्क्यांच्या वेळी १०० एक्के होते आणि दोनदा हातचा घेतला. तेव्हा बेरीज १०० − १८ = ८२ यायला हवी. पडताळून पाहा.

आता पुढचा प्रश्न. अंकांची बेरीज ८१ आहे, तर संख्येला ८१ ने भाग जातो का? इथे सावध राहा. बेरजेची कसोटी ३ आणि ९ साठी चालते, २७ किंवा ८१ साठी नाही. उदाहरणार्थ, ९९१८ च्या अंकांची बेरीज २७ आहे, पण तिला २७ ने भागल्यास ९ उरतात. आपल्या संख्येला ८१ ने भाग जातो खरा, पण वेगळ्या कारणाने : नऊ एक्क्यांच्या अंकांची बेरीज ९, म्हणून त्या संख्येला ९ ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने. भागाकार १२३४५६७९ चा वर्ग, म्हणजे १५२४१५७८९९७१०४१ येतो.

आपल्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या अशा संख्येला 'हर्षद' संख्या म्हणतात. हर्ष देणारी ती हर्षद. हे नाव देणारे गृहस्थ आपल्या महाराष्ट्रातले एक शाळामास्तर होते. त्यांच्याकडे वळण्यापूर्वी अवयव पाडून घेऊ.

अवयव पाडताना

१११११११११ ला ९ ने आणि मग ३७ ने भाग जातो. उरते ३३३६६७. म्हणजे

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

३३३६६७ ही मूळ संख्या आहे. हे कसे ठरवायचे? तिचे वर्गमूळ ५७७ आणि ५७८ यांच्या दरम्यान आहे. तेव्हा ५७७ पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहायचे. अशा मूळ संख्या १०६ आहेत. वर्गात ५३ मुले असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन भागाकार! कोणालाच नि:शेष भाग जात नाही, हे वर्गाने मिळून दहा मिनिटांत सिद्ध करता येते. एकट्याने तोच उद्योग कंटाळवाणा होतो.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांसाठी एक जवळची वाट आहे. ३३३६६७ चा कोणताही मूळ अवयव हा ९९९९९९९९९ चाही अवयव असतो. फर्माच्या एका प्रमेयाचा आधार घेतला की अशा अवयवाला १८ ने भागल्यास बाकी १ च उरली पाहिजे, असे निघते. मग १०६ ऐवजी १९, ३७, ७३, १०९ अशा फक्त १७ मूळ संख्या तपासाव्या लागतात. प्रमेय कशासाठी शिकायचे, या प्रश्नाला हे एक रोख उत्तर आहे : ८९ भागाकार वाचतात!

आता आपली मोठी संख्या नऊ एक्क्यांचा वर्ग असल्याने तिच्यात ३ हा अवयव चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा येतो. विभाजक किती? ३ घ्यायचे पाच प्रकार (एकदाही नाही ते चार वेळा), ३७ चे तीन आणि ३३३६६७ चे तीन. ५ × ३ × ३ = ४५. सतरा अंकी संख्येला जेमतेम पंचेचाळीस विभाजक, आणि तेही विषम संख्येने. विभाजक जोडीजोडीने येतात, फक्त वर्गमूळाला जोडीदार नसतो. म्हणून कोणत्याही पूर्ण वर्गाचे विभाजक विषमच असतात.

देवळालीचे मास्तर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. शिक्षण ठाण्याला आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजप्यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत त्यांनी शाळेत शिकवले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

६१७४ ची कापरेकरांची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, मात्र चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करा. तीच कृती पुन्हा पुन्हा केली की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि ते जगभर माहीत झाले. आपला जिना मात्र त्यांनी त्याच्या कितीतरी आधी अभ्यासला होता.

त्या काळच्या जी.आय.पी. रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या एका स्थानकात कापरेकरांना या संख्यांची कल्पना सुचली. त्या स्थानकावरून त्यांनी नाव ठेवले 'डेम्लो' संख्या. डेम्लो संख्येचे तीन भाग पडतात. डावा आणि उजवा भाग मिळवले की मधल्या भागातलाच अंक पुन्हा पुन्हा येतो. २५५३ पाहा : २ आणि ३ मिळून ५, आणि मध्ये पाचच. आपल्या जिन्याला हे लावा. १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९, आणि मध्ये उभा आहे ९! जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवरही हेच घडते : १२३२१ मध्ये १२ + २१ = ३३, आणि मधला अंक ३. के. आर. गुंजीकर यांच्यासह कापरेकरांनी डेम्लो संख्यांवर लिहिलेला लेख १९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

कापरेकरांच्या नावाने आणखी एक जात ओळखली जाते, 'कापरेकर संख्या'. ४५ चा वर्ग २०२५; २० + २५ = ४५. तसेच २९७ चा वर्ग ८८२०९; ८८ + २०९ = २९७. आता आपल्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने, म्हणजे ८१ ने गुणा. उत्तर येते ९९९९९९९९८००००००००१, म्हणजेच ९९९९९९९९९ चा वर्ग. त्याचे नऊ-नऊ अंकांचे दोन तुकडे करा : ९९९९९९९९८ आणि १. बेरीज ९९९९९९९९९. कापरेकर संख्या!

डेम्लो, हर्षद आणि कापरेकर या तिन्ही कल्पना अशा एकाच संख्येभोवती भेटतात.

लातूरशी नाते

जिन्याची ओढ मात्र त्याहून फार जुनी आहे. नवव्या शतकात महावीराचार्य या जैन गणितज्ञांनी 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ लिहिला. ते राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले. ग्रंथाच्या आरंभीच त्यांनी या राजाची प्रशंसा केली आहे. राजधानी होती मान्यखेट, म्हणजे आज कर्नाटकात असलेले मळखेड. पण राष्ट्रकूट राजे शिलालेखांत स्वतःला 'लट्टलूरपुराचे अधीश्वर' म्हणवीत, आणि हे लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे इतिहासाचे अभ्यासक मानतात.

महावीराचार्यांनी असे काही गुणाकार दिले आहेत की ज्यांची उत्तरे गळ्यातल्या हारासारखी दोन्ही बाजूंनी सारखी दिसतात. त्यांतला एक : २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१. उत्तराचे वर्णन त्यांनी एकापासून सहापर्यंत चढणारे आणि मग क्रमाने उतरणारे असे केले आहे. हाच आपला सहा पायऱ्यांचा जिना. ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग, आणि २१ × ५२९१ = ११११११. आठ हरवलेल्या १२३४५६७९ ला ९ ने गुणण्याचे उदाहरणही त्यांच्याकडे आहे. ज्या राजघराण्याने लातूरचे नाव अभिमानाने मिरवले, त्याच्या राज्यात अकराशेहून अधिक वर्षांपूर्वी विद्यार्थी हा जिना चढत होते. अहमदपूरच्या वर्गात हे सांगितले तेव्हा मुले क्षणभर गप्प झाली.

हे खरे गणित आहे का?

असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्त आहे. रामानुजनना केंब्रिजला बोलावून घेणारे जी. एच. हार्डी यांनी १९४० साली, ८७१२ हे २१७८ च्या चौपट आणि ९८०१ हे १०८९ च्या नऊपट असतात, अशी उदाहरणे घेऊन म्हटले होते की या गोष्टी कोड्यांच्या सदरात शोभतील, गणितज्ञाला त्यांत घेण्यासारखे काही नाही. अंकांची नुसती गंमत दहाच्या लेखनपद्धतीवर अवलंबून असते. माणसाला आठ बोटे असती तर ती गंमत राहिली असती का?

आमचे म्हणणे असे की ही कसोटी आपल्या जिन्याला लावूनच पाहावी. त्याचे ४५ विभाजक आणि पूर्ण वर्ग असणे हे संख्येचे स्वतःचे गुण आहेत. ती कशीही लिहा, ते बदलत नाहीत. उलटसुलट सारखे वाचता येणे हा लेखनाचा गुण. पण जिन्याचे कारण दहाशी बांधलेले नाही. पाच हा पाया घेऊन ११११ लिहिले तर ती आपली १५६ होते. तिचा वर्ग २४३३६ हा पाच पायावर लिहिला की १२३४३२१ असाच दिसतो. तिथे हा जिन्याचा माथा. पाच एक्के घेतले की हातचा येतो आणि जिना मोडतो. कोणताही पाया घ्या, त्याच्याहून एकाने कमी पायऱ्यांचा जिना उभा राहतो. म्हणजे एका संख्येच्या गमतीतून सर्व पायांना लागू पडणारा नियम मिळाला. गंमत जिथे 'का?'पाशी येते, तिथे गणित सुरू होते. शिक्षकाचे काम ही वाट दाखवण्याचे.

यंत्राची मर्यादा

संगणकावर एक्सेलमध्ये ही संख्या टाइप करून पाहा. १२३४५६७८९८७६५४३०० असे दिसेल. शेवटचे २१ गायब! एक्सेल पंधराच अंक अचूक ठेवते. संगणकाच्या अनेक भाषांत संख्या द्विमान पद्धतीने ५३ अंकांत साठवतात. ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच्या सर्व पूर्णांकांना त्यात जागा मिळते, त्यानंतरच्या टप्प्यात फक्त सम संख्यांना. आपली संख्या विषम, त्यामुळे तिच्या जागी शेवटी ३२० असलेली सम संख्या बसते. मोठ्या पूर्णांकांसाठी खास सोय वापरली तर यंत्रही अचूक उत्तर देते, पण त्या सोयीची गरज आहे हे माणसाला कळावे लागते.

तर मागच्या बाकावरच्या त्या मुलाला आम्ही काय सांगितले? चूक की बरोबर, यांपैकी काहीच नाही. फळ्यावर दहा ओळी मांडून एक्के मोजायला सांगितले. मधल्या रकान्याशी तो थांबला, खडू हातात तसाच धरून म्हणाला, "सर, इथं हातचा येतोय." त्या तासाला आम्हांला एवढेच हवे होते.

वर्गात करून पाहा

१. १११ × ११११ आणि १११ × १११११ यांची उत्तरे काढा. जिन्याच्या माथ्यावर सपाटी का येते?
२. एक ते नऊ पायऱ्यांच्या जिन्यांपैकी फक्त तीन हर्षद संख्या आहेत. त्या शोधा आणि बाकीच्या का नाहीत ते सांगा.
३. अकरा एक्क्यांच्या वर्गाच्या अंकांची बेरीज हातचे मोजून आधी सांगा, मग गुणाकार करून पडताळा.
४. पाच पायावर १११११ चा वर्ग काढा. दहा पायावर दहा एक्क्यांच्या वेळी जे झाले, त्याच्याशी तुलना करा.